ओठांचं उसनं दुखणं

वरचा ओठ अंगठा आणि तर्जनीत धरून जरा ताणला, आणि खिडकीतून तिरका उजेड येत असला, तर ओठाच्या लाल भागाच्या काठाशी फिकट पिवळे ठिपके उमटतात. एक मिलिमीटरचे, फार तर तीनचे. तळलेल्या इसवणाला रवा चिकटून राहतो तसे दिसतात, पण बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतात. ओठ सोडला की निम्मेअधिक दिसेनासे होतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत, पिकत नाहीत, एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. प्रत्येक ठिपका म्हणजे तेल स्रवणारी एक छोटी ग्रंथी. नाकाच्या शेंड्यावर अशा शेकडो असतात आणि त्यांची कुणी दखल घेत नाही.

वैद्यकात यांना फोर्डाइसचे ठिपके म्हणतात. मोठ्या माणसांपैकी ७० ते ८० टक्के लोकांच्या ओठांवर किंवा गालाच्या आतल्या अंगाला ते सापडतात. पेडण्याहून पणजीला निघालेल्या भरल्या कदंब बसमध्ये ते नसलेली माणसंच शोधावी लागतील. तरीही लग्न ठरलेली मुलगी आणि मिसरूड फुटलेला मुलगा हे ठिपके घेऊन डॉक्टरकडे जातात. डॉक्टर बघतो, ‘काही नाही’ म्हणतो, आणि समोरच्याचं समाधान होत नाही. होणार तरी कसं? काही नाही, तर मग दिसतंय ते काय?

या ठिपक्यांचा मागोवा घ्यायला बसलं की एक गोष्ट सारखी समोर येते. त्यांच्यापाशी स्वतःचं असं काहीच नाही. त्यांच्याविषयीची भीती कधी कोडाची, कधी महारोगाची, कधी कर्करोगाची, कधी गुप्तरोगाची. त्यांच्यावरचे उपचार चामखिळीचे, मुरुमांचे, नाहीतर घशाच्या शस्त्रक्रियेतून आलेले. ग्रंथी तेवढी आपली, बाकी सगळा संसार उसना.

सुरुवात पेडण्यातूनच करता येते. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र उभं आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी, मोपाच्या विमानतळाबरोबरच, त्याचं उद्घाटन झालं. तिथे शिकणाऱ्या मुलांना सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला शेवटचा, सोळावा अध्याय वाचावा लागतो. तो तोंडाच्या रोगांचा. सुश्रुताने तोंडाचे ६५ रोग मोजले, त्यांतले ओठांचे आठ. वाग्भटाने हीच यादी वाढवून तोंडाचे ७५ आणि ओठांचे अकरा केले. यांत आपले ठिपके कुठे बसतात? नाव ऐकून मेदामुळे होणाऱ्या ओष्ठरोगाकडे बोट जातं; तेल म्हणजे मेद, असा साधा हिशोब. पण त्या रोगात ओठ जड होतात, खाजतात, पाझरतात. हे आपलं नव्हे. त्यापेक्षा कफज ओष्ठरोग जवळचा वाटतो: ओठाच्याच रंगाच्या आणि वेदना नसलेल्या पुटकुळ्यांनी ओठ भरून जातात, असं त्याचं वर्णन आहे. इथवर जुळतं. पुढे मात्र सूज, खाज आणि बुळबुळीतपणा येतो आणि जुळणी मोडते. माझं मत असं, की सुश्रुताने हे ठिपके पाहिले असणारच. ज्याने इतके ओठ उलटून पाहिले त्याच्या नजरेतून ते सुटणं अवघड. पण तो रोगांची यादी करत होता. जे रोगात बसत नाही त्याला यादीत जागा नव्हती. आजचे काही जण ओढूनताणून संस्कृत नाव चिकटवतात आणि मग त्या नावाला साजेसा लेप विकतात. ते सुश्रुताच्या खात्यावर मांडू नये.

मधल्या हजार-दीड हजार वर्षांत ठिपक्यांचा मागमूस नाही, आणि त्याचं एक कारण अगदी घरगुती असावं. ओठ उघडे कुठे होते? पानाने रंगलेल्या ओठावर पिवळा ठिपका दिसत नाही. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात विड्याच्या पानावर मजकूर आहे, तसा कोकमावरही. पोर्तुगीज त्याला ब्रिंदांव म्हणत. पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हती. ती गेली अठराव्या शतकाच्या अखेरीस, नव्या काबिजादीत. पण पान आणि कोकम ही सरहद्द कधीच मानत नव्हती. फुटलेल्या ओठांना आणि टाचांना कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, लावायचं हे तेरेखोल नदीच्या अलीकडे आणि पलीकडे सारखंच होतं. मुठेल ओठावर चोळलं की उष्णतेने विरघळतं, भेगा झाकतं आणि ओलावा धरून ठेवतं. ओठाच्या लाल भागाला घामाच्या ग्रंथी नाहीत आणि बहुतेक ठिकाणी तेलाच्याही नाहीत, म्हणून तर तो सगळ्यात आधी फुटतो. गंमत अशी, की ज्या थोड्या ग्रंथी ओठापर्यंत पोचल्या त्यांचं आज ओझं वाटतं, आणि ज्या पोचल्या नाहीत त्यांची उणीव आपण डबीतून भरून काढतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोन डॉक्टर एकाच वेळी, एकमेकांच्या गंधवार्तेशिवाय, कातडीत डोकं घालून बसले होते. एक जर्मनीत वुर्झबुर्गला. अल्बर्ट कॉलिकर, जन्माने स्विस, मानवी ऊतींवरच्या पहिल्या काही पाठ्यपुस्तकांपैकी एक १८५२ मध्ये लिहिणारा. १८६१ मध्ये त्याने ओठाच्या लाल काठाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि नोंद केली, की इथे केसाशिवायच्या, सुट्या तैलग्रंथी आहेत. एवढंच. रोग नाही, उपचार नाही, भीती नाही. या सगळ्या वंशावळीतली ही एकच नोंद मला पूर्ण निकोप वाटते.

दुसरा डॉक्टर पेडण्याचा. मांद्र्याचे भाऊ दाजी लाड, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. शिलालेख वाचणारे, नाटकांना आश्रय देणारे, मुंबईचे शेरीफ. पण डॉक्टर म्हणून त्यांचा ध्यास कुष्ठरोगाचा होता. कडू कवठीच्या बियांचं तेल त्यांनी रुग्णांवर वापरून पाहिलं. हे औषध त्यांनी गुप्त ठेवलं आणि १८७४ मध्ये ते गेले. त्यामागे हीच वनस्पती होती हे नंतर उघड झालं. त्याच कुळातल्या झाडांच्या तेलावर पुढे जगभर कुष्ठरोगाचा उपचार चालला, १९४० च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत.

ओठावरच्या ठिपक्याचा याच्याशी संबंध काय? संबंध भीतीचा आहे. भाऊ दाजींच्या काळात अंगावर निराळ्या रंगाचं काहीही उमटलं की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न महारोगाचा यायचा आणि दुसरा कोडाचा. महारोगाने माणूस गावाबाहेर जात असे, कोडाने मुलीचं लग्न मोडत असे. गोव्यात फ्रोयलानो दे मेलो या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने सासष्टीतल्या माकाझनला कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभारला तो १९३० च्या दशकात. कोड तर आजही ओठांवरून सुरू होण्याची खोड बाळगून आहे. फरक कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा आणि सपाट असतो, त्याला कडा असते, तो पसरतो. कुष्ठाच्या चट्ट्यावर कापसाचा धागा फिरवला तर बहुधा कळत नाही. तैलग्रंथी पिवळसर असते, कातडीच्या खाली असते, सुटी सुटी असते, आणि स्पर्श तिथे शाबूत असतो. पण भीती फरक बघायला थांबत नाही.

मग १८९६ साल येतं. त्याच्या आदल्या सप्टेंबरात गोव्यातल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केलं होतं, सत्तरीचे राणे त्यांना मिळाले होते, आणि पोर्तुगालच्या राजाचा भाऊ फौज घेऊन आला होता. डिचोलीच्या मुलखाला तेव्हा ओठांकडे बघायची सवड नव्हती. मुंबईत त्याच वर्षी प्लेग उतरला. आणि न्यूयॉर्कमध्ये जॉन ॲडिसन फोर्डाइस या त्वचातज्ज्ञाने ओठांच्या आणि तोंडाच्या अस्तराच्या एका ‘विलक्षण व्याधी’वर निबंध छापला.

फोर्डाइस (१८५८ ते १९२५) लहान माणूस नव्हता. युरोपात शिकून आलेला, पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झालेला. त्याच्या नावावर त्वचेच्या तीन गोष्टी आहेत: हे ठिपके, वृषणाच्या कातडीवर येणारे रक्तवाहिन्यांचे गडद लाल दाणे, तेही १८९६ मधलेच, आणि काखेत खाज सुटणारा एक रोग, जो त्याने फॉक्स या सहकाऱ्याबरोबर १९०२ मध्ये वर्णिला. ठिपक्यांच्या बाबतीत मात्र त्याचा अंदाज हुकला. पेशींमध्ये काही बिघाड होऊन हे पिवळे कण तयार होतात असं त्याला वाटलं. १८९९ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरातल्या शार्ल ओद्रीने दाखवलं, की हा बिघाड नसून सरळसाध्या तैलग्रंथीच आहेत. म्हणजे कॉलिकर अडतीस वर्षांपूर्वी म्हणाला होता तेच. अमेरिकेतूनही त्याच वर्षी तसाच निर्वाळा आला. प्रश्न सुटला होता. पण तोवर नाव लागलं होतं, आणि पुस्तकांतून ‘फोर्डाइसचा रोग’ म्हणून ते पुढची कित्येक वर्षं चालत राहिलं. ज्याने चुकीचं ओळखलं त्याच्या नावाने ग्रंथी ओळखल्या गेल्या, बरोबर ओळखणारा कॉलिकर तळटीपेत गेला. वैद्यकात हे नवीन नाही.

या ग्रंथींची भावंडंही अशाच नावांनी नांदतात. पापणीच्या काठाला डोळ्याचं पाणी उडू न देणाऱ्या ज्या तैलग्रंथी आहेत त्या हाइनरिश माइबोमच्या, १६६६ पासून. स्तनाग्राभोवती गरोदरपणात ठळक होणारे उंचवटे डब्लिनच्या मंटगोमरीचे, १८३७ पासून. माइबोमच्या ग्रंथींचं काम दर उघडझापीला चालतं, मंटगोमरीच्या उंचवट्यांचं बाळाला पाजताना. ओठावरच्या बिचाऱ्यांना काम नाही, म्हणून त्यांची चौकशी.

त्या तिथे आल्या कशा, याचं पुस्तकी उत्तर गर्भात आहे. बाळाचा चेहरा अखंड घडत नाही. वरच्या आणि खालच्या जबड्याचे उंचवटे दोन्ही बाजूंनी येऊन गालांवर आणि ओठांच्या कोपऱ्यांशी जुळतात. या सांध्यावर बाहेरच्या कातडीची काही बीजं आत राहून जातात. म्हणून ठिपके गालाच्या आत, दाढांच्या समोर आणि वरच्या ओठाच्या काठाशी जास्त दिसतात. बालपणी त्या मुक्या असतात. वयात येताना पुरुषी संप्रेरकं वाढतात, मुलींमध्येही थोडीफार, आणि ग्रंथी फुगतात. बाकी ठिकाणी तैलग्रंथी केसाच्या मुळाशी उघडते आणि तेल केसाच्या आधाराने वर येतं. इथे केस नाही, त्यामुळे ती थेट पृष्ठभागावर उघडते. तिची तेल देण्याची रीतही टोकाची. आतली पेशी तेलाने भरत जाते, भरता भरता फुटते आणि स्वतःच तेलात मिसळून बाहेर पडते; मागून नवी पेशी तयारच असते. आपल्याला जो पिवळा रंग दिसतो तो या भरलेल्या पेशींचा. म्हणूनच सोळाव्या वर्षी आरशात ठिपके ‘आले’ असं वाटतं. आलेले नसतात, जागे झालेले असतात.

विसाव्या शतकात ही ग्रंथी त्वचातज्ज्ञाच्या हातून दंतवैद्याच्या हाती गेली, आणि तिचे खरे चांगले दिवस तेच. दात बघायला तोंड उघडलं की गाल बघावाच लागतो. १९५३ मध्ये अमेरिकेत २,४७८ दंतरुग्णांची तपासणी छापून आली; पाचांपैकी चारांहून जास्त लोकांत हे ठिपके निघाले. इंग्लंडमध्ये माइल्सने १९५८ मध्ये आणि डेन्मार्कमध्ये सेवेरिनने १९७५ मध्ये ओठ आणि गाल बारकाईने तपासून ग्रंथींची रचना आणि संख्या मांडली. जे इतक्यांना असतं ते व्याधी नव्हे, हे हळूहळू पाठ्यपुस्तकांत शिरलं.

आपल्याकडे याच सुमाराला एक फार मोठं काम चाललं होतं, आणि त्याचा विषय ठिपके नव्हता, तंबाखू होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी, कोपनहेगनच्या पिंडबोर्ग या मुखरोगतज्ज्ञाच्या साथीने, भारतभर खेड्यापाड्यांत तोंडं तपासत होते. १९६९ मध्ये पाच जिल्ह्यांतल्या ५०,९१५ लोकांचा अहवाल आला. १९७२ मध्ये एकट्या पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांचा. हा आकडा पुन्हा वाचावा. एक लाखाहून जास्त तोंडं, घरोघर जाऊन, बॅटरी आणि आरसा घेऊन. चुन्यात मळलेला तंबाखू गालात धरणारे शेतकरी, दातांना मशेरी लावणाऱ्या बायका. शोधायचा होता तो गालावरचा पांढरा चट्टा, ज्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो.

असं काम करायचं तर काय सोडून द्यायचं हे आधी पक्कं शिकावं लागतं. दात मिटतात त्या रेषेला गालावर उठणारी पांढरी रेघ, जिभेखालच्या फुगीर निळ्या शिरा, आणि फोर्डाइसचे ठिपके. हे तिन्ही न ओळखणारा तपासनीस दिवसाला गावभर भीती वाटत फिरेल. त्यामुळे तंबाखूविरोधी कामाच्या पोटात एक वेगळीच विद्या वाढली, ‘हे काही नाही’ असं खात्रीने म्हणता येण्याची.

गोव्यात ती विद्या शासकीय दंत महाविद्यालयाने रुजवली. पणजीची वैद्यकशाळा १८४२ ची, आशियातल्या जुन्या वैद्यकशाळांतली. तिचे पदवीधर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींपर्यंत गेले. दातांच्या स्वतंत्र महाविद्यालयाला मात्र १९८० उजाडावं लागलं. आज बांबोळीला दोन्ही शेजारी शेजारी आहेत, आणि पेडणे, डिचोलीच काय, दोडामार्ग आणि सावंतवाडीचे रुग्णही सकाळची पहिली बस धरून तिथे येतात. तिथली तपासणी बघण्यासारखी असते. शिकाऊ डॉक्टर जाळीच्या कापडाने खालचा ओठ धरून उलटवतो. मग वरचा. मग आरशाच्या पाठीने गाल ताणतो. ताणला की रक्त बाजूला सरतं, गुलाबी रंग फिका होतो आणि ठिपके एकदम ठळक होतात. मग कोरडं कापड त्यांवरून घासतो. बुरशी असेल तर पांढरा थर निघून येतो आणि खाली लाल दिसतं. ठिपके जागेवर. मग दुसऱ्या बाजूचा गाल, कारण हे बहुधा जोडीने, दोन्हीकडे असतात. मग बोटाने चाचपणी: खाली काही कडक नाही ना? मग तोंड किती उघडतं ते. सुपारी आणि गुटख्याने गालाचं अस्तर राठ होऊन तोंड उघडेनासं होतं, त्याची धास्ती इथे खरी आहे. गोव्याने गुटख्यावर बंदी आणली २००५ मध्ये, पण गालात धरलेल्या सवयी कायद्याच्या तारखेला सुटत नाहीत. हे सगळं दोन मिनिटांत आटोपतं, आणि शेवटी रुग्णाला सांगितलं जातं, की ठिपक्यांना काही करायचं नाही. तंबाखू मात्र सोडायचा. रुग्ण नेमका उलटा हिशोब करून बाहेर पडतो. ठिपके दिसतात, तंबाखू दिसत नाही.

इथपर्यंतची परंपरा सोडून देण्याची. दुसरी परंपरा काढून टाकण्याची, आणि तिची वंशावळ यंत्रांची आहे.

त्यातलं सगळ्यात वजनदार यंत्र कार्बन डायऑक्साइड लेसर. त्याचा जनक कुमार पटेल. जन्म १९३८, बारामतीचा. शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, मग स्टॅनफर्ड. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर बनवला. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, आणि या लांबीचा प्रकाश पाणी अधाशासारखं शोषून घेतं. आपलं शरीर बहुतांश पाण्याचंच, त्यामुळे किरण पडेल तिथली पेशी वाफ होऊन जाते, आणि खोलवर फारसं काही पोचत नाही. पटेलांच्या डोळ्यांपुढे रेणूंचं भौतिकशास्त्र होतं. १९७० च्या दशकात घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरच्या गाठी या किरणाने उडवायला घेतल्या. १९९० च्या दशकात सौंदर्यवाल्यांनी सुरकुत्यांसाठी त्याने चेहऱ्याची कातडी सोलायला घेतली. २००३ मध्ये मेक्सिकोतल्या त्वचातज्ज्ञांनी त्याच लेसरने मोजक्या रुग्णांच्या ओठांवरचे ठिपके काढल्याचं छापलं. बारामती ते ओठ, व्हाया स्वरयंत्र.

या लेसरने ठिपका जातो, हे खरं. वरची कातडी आणि ग्रंथीचा काही भाग जळतो, खपली धरते, आठ-दहा दिवसांत पडते. पण गोरी कातडी आणि आपली कातडी इथे सारखी वागत नाही. आपल्या ओठांत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे भाजलेल्या जागी काळा डाग राहण्याची शक्यता जास्त. म्हणजे जवळून पाहिल्याशिवाय न दिसणारा पिवळा ठिपका देऊन हातभरावरून दिसणारा काळा डाग घ्यायचा, असा सौदा होऊ शकतो. ज्याच्या ओठाला ज्वरानंतर फोड येतात त्याच्या शरीरात त्या फोडांचा विषाणू दबा धरून असतो. लेसरच्या भाजण्याने तो उठू शकतो. म्हणून जाणता डॉक्टर आधी त्याची चौकशी करतो आणि गरज असल्यास गोळ्या सुरू करतो. न विचारताच यंत्र हातात घेणाऱ्याकडून उठून यावं.

विजेच्या सुईने जाळणं हे चामखिळीकडून आलं. आम्लाचा थेंब देऊन जाळणं हेही तिथूनच. बारीक नळीसारख्या पात्याने एकेक ग्रंथी टोचून काढायची युक्ती जर्मनीतल्या प्लास्टिक सर्जनांनी वापरली, ती लिंगावरच्या ठिपक्यांसाठी. अंगाला रसायन लावून त्यावर ठराविक प्रकाश सोडायचा उपचार उन्हाने बिघडलेल्या, कर्करोगाकडे झुकलेल्या कातडीसाठी होता. ओठांवर त्याने बरंच सोसून थोडंच मिळालं.

गोळीची गोष्ट यांहून बोलकी. आयसोट्रेटिनोइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झालं, तेही फक्त गाठी उठवणाऱ्या, व्रण ठेवणाऱ्या, हट्टी मुरुमांसाठी. ते तैलग्रंथींना आक्रसवतं. मुरुमांसाठी ही गोळी घेणाऱ्यांच्या ओठांवरचे ठिपकेही फिके पडतात हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि १९९० च्या दशकात तशी नोंद झाली. पण या गोळीचा सर्वांत हमखास परिणाम कोणता? ओठ कोरडे पडून फुटणं. जवळजवळ प्रत्येकाचे फुटतात. ओठ सुंदर करायला घेतलेली गोळी आधी ओठांची सालं काढते, आणि ती थांबवली की ग्रंथी पुन्हा भरतात, ठिपके परततात. गरोदरपणात ती घेतली गेली तर बाळात गंभीर व्यंगं निर्माण होतात. म्हणून ती चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भ राहू न देण्याची सक्त अट असते. लग्नाच्या तयारीत ओठांसाठी ही गोळी मागणाऱ्या मुलीला हे कुणी सांगत असेल का, याची मला काळजी वाटते. फोटोतल्या ओठांसाठी हे औषध देणं मला वैद्यक वाटत नाही.

एवढी मागणी आत्ताच का, याचं उत्तर खिशात आहे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा ओठ हातभरावरून टिपतो, आणि दोन बोटांनी चित्र ताणलं की ठिपका नखाएवढा होतो. पान सुटलं, ओठ उघडे पडले. त्यांवर चमक नसलेली लिपस्टिक आली, जी प्रत्येक उंचवटा उठून दिसेल अशी बसते. आणि मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी उघड बोलली जात नाही. हेच ठिपके लिंगाच्या कातडीवरही असतात, तेही वयात येतानाच ठळक होतात. त्या मुलाला ते कुणाला दाखवता येत नाहीत. त्याला दिसतात त्या भिंतींवरच्या आणि बसस्टँडच्या मागच्या ‘गुप्तरोग, शंभर टक्के खात्री’च्या जाहिराती. न झालेल्या रोगावर न लागणारी औषधं तो घेत राहतो. पेडणे आणि डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात, तुयेच्या इस्पितळात, हे विचारायला पैसे लागत नाहीत. लाज लागते, आणि ती जाहिरातवाल्याला बरोबर ठाऊक असते. लैंगिक संसर्गाचे फोड दुखतात, जळजळतात, फुटून ओले होतात. मस फुलकोबीसारखे वर येतात आणि वाढतात. तैलग्रंथी वर्षानुवर्षं आहे तशीच असते.

डॉक्टरकडे जायचंच तर खऱ्या कारणासाठी जावं. ओठावर किंवा गालात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, वाढत जाणारा कडक उंचवटा, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, रक्त, बधिरपणा, तोंड कमी उघडणं. यांतलं काहीही असलं तर बांबोळीची बस पकडावी, तंबाखू खात असाल तर त्याच दिवशी.

आणि समजून-उमजूनही ठिपके काढायचेच असतील, तर तोही माणसाचा हक्क आहे; त्याला हसण्याचं कारण नाही. फक्त ओठाच्या एका कोपऱ्यात, तोंड मिटलं की झाकलं जाईल अशा जागी, आधी दोन-तीन ठिपक्यांवर करून घ्यावं आणि दोन-तीन महिने थांबून डाग राहतो का ते बघावं. घाई करणाऱ्या दवाखान्यात हे मान्य होत नाही, त्यावरून दवाखान्याची परीक्षाही होऊन जाते.

२०२२ मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी आणखी एका लेसरला परवानगी मिळाली. तरंगलांबी १७२६ नॅनोमीटर. या लांबीचा प्रकाश पाण्यापेक्षा कातडीतलं तेल जास्त शोषतं, म्हणजे वरची कातडी न जाळता थेट तैलग्रंथीलाच गाठणारं हे पहिलं मान्यताप्राप्त यंत्र म्हणता येईल. एकशेसाठ वर्षांत प्रथमच कॉलिकरने पाहिलेली ती ग्रंथी नेमकी समोर ठेवून कुणी यंत्र बांधलं, आणि तेही गालांवरच्या मुरुमांसाठी. यंत्र महाग आहे. मुरुमांचे रुग्ण पुरेनासे झाले की ते ओठांकडे वळेल.